भुईचाफ्याची छोटी बखर

मागील अंकाच्या शेवटच्या पानावर थोडी जागा उरली होती म्हणून आम्ही तिथे सहज एक प्रश्न छापला होता : ‘सिलिकॉन ओएसिसमध्ये कोणाकडे भुईचाफा आहे का?’ एवढ्याशा प्रश्नाला इतकी उत्तरे येतील असे वाटले नव्हते. काहींनी कळवले, आमच्या इमारतीच्या दारातच आहे, या आणि पाहा. जाऊन पाहिले तर तो पांढरा देवचाफा. एका भगिनींनी सोनटक्क्याचा फोटो दिला. एका गृहस्थांनी तर दिवाळीतल्या भुईनळ्याशी गल्लत केली आणि इथे फटाक्यांना परवानगी नसते याची आठवण करून दिली. एकच चिठ्ठी नेमकी होती. तीत एवढेच लिहिले होते : ‘आहे. पण सध्या दिसणार नाही. झोपला आहे.’

ज्याने खरोखर भुईचाफा लावला आहे तोच असे लिहू शकतो. त्या चिठ्ठीमुळे हा लेख लिहायला घेतला.

ज्यांनी हे फूल पाहिलेले नाही त्यांच्यासाठी आधी ओळख. भुईचाफा हा आले-हळदीच्या कुळातला. जमिनीखाली लहानसा गड्डा, त्याला जाडसर मुळे आणि मुळांच्या टोकाला लांबट गोळे. हिवाळ्यात वर काहीही नसते, कुंडी रिकामीच वाटते. मग चैत्र-वैशाखात, पाऊस अजून दूर असताना, कोरड्या जमिनीतून थेट फूल वर येते. पान नाही, फांदी नाही, देठही दिसत नाही. मातीवर कोणी फूल आणून ठेवले आहे असे वाटावे. वर दोन पांढऱ्या पाकळ्या, खाली दोन जांभळट, आणि गोड मंद वास. (वनस्पतिशास्त्रवाले म्हणतील की या पाकळ्या नव्हेत, रूप बदललेले पुंकेसर आहेत. असतील.) एक फूल दिवसभर टिकते, दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी दुसरे. फुलांचा बहर ओसरला की पाने येतात, हातभर उंच, वरून हिरव्या-रुपेरी नक्षीची आणि खालून जांभळी. दिवाळीनंतर ती पिवळी पडतात आणि पुन्हा सगळे सामसूम. इंग्रजी बागांत याला ‘पीकॉक जिंजर’ म्हणतात ते पानांवरच्या नक्षीमुळे, आणि ‘रेझरेक्शन लिली’ म्हणतात ते मेलेले झाड परत उठते म्हणून.

चाफ्याशी याचे रक्ताचे नाते काहीच नाही. आपल्या लोकांनी चाफा हे नाव फार उदारपणे वाटलेले आहे. सोनचाफा एका कुळातला, नागचाफा दुसऱ्या, हिरवा चाफा तिसऱ्या. सिलिकॉन ओएसिसच्या व्हिलांसमोर जो पांढरा चाफा दिसतो तो तर मूळचा अमेरिका खंडातला, पण आपल्या देवळांच्या आवारात इतका रुळला की त्याला कोणी परका म्हणत नाही. वास चांगला आला की चाफा, असा साधा हिशोब असावा. त्यातला जो भुईतून उगवतो तो भुईचाफा. संस्कृतात भूमिचंपक किंवा भूचंपक.

आता बखरीकडे वळू. या फुलाचा कागदोपत्री इतिहास शोधायला गेलो तर पहिला मुक्काम कोचीनला पडतो. तिथे १६६९ ते १६७६ या काळात डचांचा कमांडर होता हेंड्रिक व्हान ऱ्हीड. युद्धापेक्षा झाडांत अधिक रमणारा माणूस. त्याने मलबारातील वनस्पतींची चित्रे आणि वर्णने गोळा करवली आणि त्यातून ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमला छापला गेला. त्याच्या अकराव्या खंडात आपला भुईचाफा ‘मलन-कुआ’ या मल्याळी नावाने येतो. हा खंड ऱ्हीडला पाहायला मिळाला नाही. १६९१ च्या डिसेंबरात सुरतेला जाताना मुंबईच्या किनाऱ्याजवळ जहाजावरच तो वारला. त्याची कबर सुरतेला आहे.

आपल्या दृष्टीने अधिक जिव्हाळ्याची गोष्ट पहिल्या खंडात आहे. या ग्रंथाला माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मलबारी वैद्य होते, तसेच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तिघे कोकणी वैद्यही होते. या तिघांनी १६७५ साली आपल्या कामाची साक्ष कोकणी भाषेत, नागरी लिपीत लिहून दिली आणि ती जशीच्या तशी पहिल्या खंडात छापली आहे. छापील पुस्तकात नागरी अक्षरे दिसण्याच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी हे एक. आपली माणसे गाव सोडून कोचीनला गेली, तिथे स्थायिक झाली, आणि परक्या भाषेतल्या ग्रंथात स्वतःच्या लिपीत सही करून आली. मुलांची मराठी बिघडली म्हणून काळजी करणाऱ्या पालकांनी हे पान एकदा तरी पाहावे. के. एस. मणिलाल यांनी आयुष्य वेचून केलेला या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद २००३ पासून निघाला आहे, त्यामुळे आता लॅटिन येत नाही ही सबब चालणार नाही.

दुसरा माणूस आपल्या अगदी जवळून गेलेला आहे. भुईचाफ्याचे शास्त्रीय नाव केम्फेरिया रोटुंडा. यातला केम्फर म्हणजे एंगेलबर्ट केम्फर, जर्मनीतल्या लेमगो गावी १६५१ साली जन्मलेला डॉक्टर. स्वीडनच्या वकिलातीबरोबर चिटणीस म्हणून तो १६८४ मध्ये इराणच्या इस्फहानला पोचला. वकिलात परत गेली, हा गेला नाही. त्याने डच कंपनीत सर्जन म्हणून नोकरी धरली आणि कंपनीने त्याला पाठवले बंदर अब्बासला. नकाशा काढून पाहा. दुबईच्या धक्क्यावरून उत्तरेला समुद्र ओलांडला की अडीचशे किलोमीटरच्या आत बंदर अब्बास. हेच आखात, हीच दमट हवा, हाच जुलै. तिथे पंखा नव्हता, एसी नव्हता, आणि नोकरीच्या करारातून सुटका नव्हती. १६८५ च्या अखेरीपासून १६८८ च्या मध्यापर्यंत तो तिथे अडकला होता आणि त्या हवेने फार आजारी पडला. आखाताच्या उन्हाळ्याला कंटाळून बदलीचे अर्ज करणारा तो पहिला नसेल आणि शेवटचा तर नाहीच नाही.

पण त्या काळात त्याने एक काम केले. खजुरीचे झाड त्याने मुळापासून शेंड्यापर्यंत अभ्यासले. नराचा फुलोरा मादीवर कसा बांधतात, खजूर कसा उतरवतात, वाळवतात, लोक त्यावर कसे जगतात, हे सगळे टिपून ठेवले. १७१२ साली त्याचा मोठा ग्रंथ छापला गेला तेव्हा त्याच्या पाच भागांपैकी एक अख्खा भाग खजुरीवर होता. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात जी खारीक पडते तिच्या झाडाबद्दल युरोपला इतके तपशीलवार प्रथम सांगणाऱ्यांत हा माणूस होता. पुढे तो मस्कत, मलबार, सिलोन, बटाविया असे करत १६९० मध्ये जपानला गेला आणि जपानवरच्या पुस्तकामुळे प्रसिद्ध झाला. त्याने भुईचाफा पाहिला म्हणून नव्हे, तर त्याच्या एकूण कामाचा मान म्हणून लिनेअसने या झाडांच्या गणाला केम्फरचे नाव दिले.

लिनेअसचा १७५३ चा ग्रंथ, जिथून झाडांची आजची दोन-शब्दी नावे सुरू होतात, तो उघडला तर एक गंमत दिसते. त्याने फुलांचे वर्ग पुंकेसर मोजून पाडले होते. एक पुंकेसर असलेली झाडे सर्वांत आधी. आणि आले-हळदीच्या कुळात कामाचा पुंकेसर एकच असतो. त्यामुळे या जगड्व्याळ ग्रंथात पहिल्या पानावर कर्दळ, दुसऱ्यावर हळद आणि तिसऱ्यावर भुईचाफा! परसदारची मंडळी अशी पहिल्या पंगतीला बसलेली पाहून आम्हाला भारी आनंद झाला.

कलकत्त्याचे न्यायाधीश आणि संस्कृतचे पंडित सर विल्यम जोन्स यांना मात्र ही परकी नावे मानवत नसत. हिंदुस्थानातील झाडांना इथलीच नावे असावीत असा त्यांचा आग्रह. त्यांच्या मृत्यूनंतर, १७९५ मध्ये, ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या चौथ्या खंडात त्यांची निवडक भारतीय वनस्पतींवरची टिपणे छापली गेली. त्यात पहिला क्रमांक भूचंपकाचा आहे. आग्रह अर्थात चालला नाही. जग केम्फेरियाच म्हणते. पण आम्ही या वादात जोन्ससाहेबांकडे आहोत, एवढे नोंदवून ठेवतो.

असो. पुस्तकातून बाहेर येऊ.

कोकणात भुईचाफा असतो तो आगरात. वर माड, त्याखाली पोफळी, पोफळीवर चढवलेली मिरी किंवा पानवेल, मधे केळी, आणि अगदी खाली, जिथे उन्हाचे नुसते कवडसे पोचतात तिथे, हळद, आंबेहळद आणि कडेला कुठेतरी भुईचाफा. मधून पाटाचे पाणी. गुहागर, दिवेआगर ही नावेच आगराची आहेत. गोव्यात त्यालाच कुळागर म्हणतात. भुईचाफा मुद्दाम कोणी लावलेला नसायचा. तो असायचाच. विहिरीवरून येताना पायाखाली येऊ नये म्हणून बायका वळसा घालून जायच्या. याचे गोळे वाटून सुजेवर, मुरगळीवर लेप लावण्याची रीत जुनी आहे. आम्ही ती सुचवत नाही, इथे डॉक्टर आहेत.

आता आपले गाव. सिलिकॉन ओएसिसचे प्राधिकरण २००५ च्या कायद्याने झाले. त्याआधी इथे वाळू होती. ओएसिस हे नाव इथे हौसेने दिलेले आहे, हे आपण सगळे जाणतो. पण आपल्या कडेने जाणारा जो अल ऐनचा रस्ता आहे तो धरून सव्वा तास गेले की खरे ओएसिस लागते. अल ऐनची ही मरुद्याने २०११ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. गेल्या हिवाळ्यात मंडळाची सहल तिथे गेली होती. एक लाखाहून अधिक खजुरी. आत शिरल्याबरोबर हवा बदलते, आवाज बदलतो. वर खजुरीचे छप्पर, खाली लिंबे, आंबे, केळी, अंजीर, त्याच्याही खाली जमिनीवर गुरांसाठी हिरवा घासचारा. मधून वाहते पाणी, ज्याला इथे फलज म्हणतात. आमच्याबरोबर आलेले एक मूळचे मुरुडचे गृहस्थ त्या पाटाच्या काठावर बसून राहिले. बस सुटायची वेळ झाली तरी उठेनात. “हे तर आगर आहे,” एवढेच म्हणाले.

आम्हालाही तिथे एक गोष्ट कळली. इतकी वर्षे आपण कुंड्यांसाठी मातीच्या मागे लागलो होतो. लाल माती कुठे मिळेल, कोण आणील. भुईचाफ्याला कोकणची माती लागत नाही. त्याला वर कोणीतरी उभे लागते. खजूर असो की पोफळ, त्याचे काही अडत नाही.

आपल्याकडे तो आला कसा, हे सांगायला हवे, कारण सिलिकॉन ओएसिसमधल्या आपल्या सर्व घरांतला भुईचाफा एकाच कुंडीपासून झालेला आहे. हे झाड बी जवळजवळ धरतच नाही. गड्डा फोडायचा आणि द्यायचा, हाच त्याचा वंशविस्तार. म्हणजे आपल्याकडचे प्रत्येक झाड हे खरे म्हणजे त्याच जुन्या झाडाचा तुकडा.

आपल्यातले एक कुटुंब २०१२ मध्ये करामाहून इथे राहायला आले. येताना त्यांच्याकडे गुहागर तालुक्यातल्या त्यांच्या आगरातला एक गड्डा होता. तो कसा आणला हे आम्ही विचारले नाही. सहा वर्षे त्यांनी तो जिवापाड जपला आणि सहा वर्षांत एक फूल आले नाही. नुसती पाने, तीही कडेने करपलेली. दरम्यान गावाकडे वाटण्या झाल्या, आगर विकले गेले, आणि २०१५ च्या मे महिन्यात सुट्टीवर गेले तेव्हा तिथे सपाट जमीन होती. विहीरही बुजवलेली. बाल्कनीतली कुंडी ही तेव्हापासून निव्वळ कुंडी राहिली नाही.

२०१८ च्या जानेवारीत त्यांच्या आजी इथे राहायला आल्या. पहिल्याच सकाळी सूनबाई कुंडीला पाणी घालताना पाहून त्या ओरडल्या, “अगो, तो झोपलाय, मेला नाही! उठवू नकोस!” झाले होते असे : हिवाळ्यात पाने गेली की घरातल्यांना वाटे, झाड धोक्यात आहे. मग ते अधिक पाणी घालत. गार, ओल्या मातीत गोळे कुजत, आणि फूल ज्या साठ्यावर यायचे तो साठाच संपे. आजींनी पाणी बंद करवले. मार्चमध्ये कुंडी वर्तमानपत्रावर उपडी केली, गड्डा हाताने मोडला, कुजके काढून टाकले, प्रत्येक तुकड्याला एक डोळा आणि दोन-चार गोळे राहतील असे पाहिले, जखमेला चुलीतली राख नाही म्हणून हळद लावली, आणि दोन कुंड्या केल्या. एक शेजारच्या इमारतीत दिली. दुसऱ्या वर्षी, २०१९ च्या एप्रिलमध्ये, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हे होते, आणि गौरीपुढे पाण्याच्या वाटीत भुईचाफ्याचे एक फूल होते. आजींना फोटो पाठवला. त्या आता नाहीत.

पुढचे लिहायला जड जाते. २०२० मध्ये त्या घरातली नोकरी गेली आणि तीस दिवसांत बिऱ्हाड आवरून मंडळी परतली. कुंडी आमच्याकडे ठेवून गेली. आम्हाला सगळे सांगितले होते. तरीही पुढच्या जानेवारीत सुट्टीची साफसफाई करताना एक वाळक्या मातीची रिकामी कुंडी आमच्याच हाताने कचऱ्याच्या नळीत गेली. लक्षात आले तेव्हा संध्याकाळ झाली होती. त्या कुटुंबाला हे कळवायला आम्हाला पाच महिने लागले.

वंश टिकला तो शेजारच्या इमारतीतल्या कुंडीमुळे. ‘झोपला आहे’ ही चिठ्ठी तिथूनच आली. तीही कुंडी एकदा जाता जाता राहिली. १६ एप्रिल २०२४ चा पाऊस कोणी विसरणार नाही. १९४९ पासूनच्या नोंदींत या देशात इतका पाऊस नव्हता, अल ऐनकडे एका ठिकाणी चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर पडला. त्या दिवशी त्या बाल्कनीत घोटाभर पाणी होते आणि भुईचाफा ऐन फुलात. बाईंनी गाड्या कुठे आहेत हे पाहायच्या आधी कुंडी उचलून आत मोरीत ठेवली, रात्री मातीसकट गड्डा बाहेर काढून वर्तमानपत्रावर पसरला आणि दोन दिवसांनी कोरड्या मिश्रणात पुन्हा लावला. फुले गेली, झाड राहिले.

आता प्रत्यक्ष लावणीविषयी, आमच्या आणि त्या बाईंच्या अनुभवावरून.

कुंडी खोल नको, पसरट हवी, आठ-दहा इंचांची, खाली भरपूर भोके असलेली. मिश्रणात निम्मे कोकोपीट, पाव भाग जुने कंपोस्ट, पाव भाग परलाइट किंवा बारीक खडी. बाहेरची वाळू फुकट मिळते म्हणून घालू नये. ती फार बारीक, तिच्यात शंखशिंपल्यांचा चुना आणि मीठ, आणि या कुळाला दोन्ही सोसत नाही. गड्डा बोटभर खोल लावावा, त्याहून खाली नाही.

जागा पूर्वेची किंवा उत्तरेची. पश्चिमेच्या बाल्कनीत दुपारी तीनचे ऊन पानांना तासाभरात कागद करते. ज्यांच्याकडे पश्चिमच आहे त्यांनी एक मोठी पामची कुंडी, कढीपत्ता, काही तरी उंच पुढे उभे करावे आणि भुईचाफा त्याच्या मागे, खाली ठेवावा. अल ऐनला पाहिले तेच, लहान प्रमाणात. आणि एसीच्या बाहेरच्या युनिटच्या गरम झोताच्या वाटेत कधीही ठेवू नये. आमच्यातल्या एका घरी पाने का जळतात याचा शोध दोन उन्हाळे चालला होता, तो त्या झोतापाशी संपला.

पाण्याचे मात्र सविस्तर सांगायला हवे. मे ते सप्टेंबर नळाचे थंड पाणी थंड नसते, हे आपण अंघोळीला गीझर बंद ठेवून शिकलेलो आहोत. टाकीत तापलेले ते पाणी दुपारी तसेच कुंडीत घातले तर मुळे भाजतात. रात्री बादली भरून घरात ठेवावी, सकाळी घालावे. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी त्याहून बरे. दमट महिन्यांत ते बादलीने मिळते आणि त्यात क्षार नसतात. नुसत्या नळाच्या पाण्यावर असलेल्या कुंड्यांत मातीवर पांढरी पूड जमते, ती दिसली की एकदा भरपूर पाणी वरून ओतून खालून वाहू द्यावे. पाने असेपर्यंत माती ओलसर ठेवावी, चिखल नको. बशीत पाणी साठू देऊ नये. खत म्हणाल तर पाने आल्यावर महिन्यातून एकदा मूठभर कंपोस्ट पुरते.

ऑक्टोबर संपत आला की पाणी कमी करावे. नोव्हेंबरात पाने आपोआप पिवळी पडून आडवी होतात, ती ओढून काढू नयेत. डिसेंबर ते फेब्रुवारी पाणी पूर्ण बंद, कुंडी सावलीत, कोरडी. आता इथे खरी परीक्षा आहे. हेच महिने दुबईत सगळ्यांच्या बागकामाचे. पालिका रस्त्याकडेला पेटुनिया लावते, नर्सऱ्या भरून वाहतात, २०१३ पासून मिरॅकल गार्डन पाहायला पाहुणे येतात, शेजारी टोमॅटो दाखवायला बोलावतात. आणि आपल्याकडे एक वाळकी कुंडी. हात शिवशिवतात. घालू नये. मार्चच्या मध्यास हवा तापू लागली की एकदा हलके पाणी द्यावे आणि वाट पाहावी. पंधरा दिवसांत, कधी महिन्यात, मातीला तडा जातो आणि जांभळट टोक दिसते. फूल आल्यावर हलकेच पाणी सुरू ठेवावे. फूल आलेच नाही आणि नुसती पाने आली, तर पुढल्या वर्षासाठी साठा कमी आहे असे समजावे, हताश होऊ नये.

विकत घ्यायचे झाल्यास पाने असताना, पानांची खालची जांभळी बाजू पाहून घ्यावे. शहरातल्या एका रोपवाटिकेने आम्हाला भुईचाफा म्हणून जो गड्डा दिला त्याला दोन वर्षांनी हळदीसारखे पान आले आणि नंतर ती हळदच निघाली. वरणात घातली.

भारतातून आणायचा विचार असल्यास आधी नियम पाहा. रोपांना आणि कंदांना आरोग्य-प्रमाणपत्र आणि परवानगी लागते, माती तर आणायचीच नाही. पूर्वी मुंबईहून बोटी सुटत, रुपया इथे १९६६ पर्यंत चालत असे, कोणाच्या ट्रंकेत काय आले ते समुद्रालाच ठाऊक. ते दिवस गेले.

आणि नियमाचा विषय निघालाच आहे तर. २०२० मध्ये परत गेलेल्या त्या कुटुंबाचे गेल्या महिन्यात पत्र आले. पुण्याला त्यांनी तळमजल्यावर घर घेतले आहे, मागे थोडे अंगण आहे आणि अंगणात शेजाऱ्यांच्या आंब्याची सावली येते. त्यांनी विचारले आहे की, आमच्या आगरातला एक गड्डा मिळेल का? देणार अर्थातच, एक काय चार देऊ. पण भारतातही कंद नेण्यासाठी इथले आरोग्य-प्रमाणपत्र आणि तिथला आयात परवाना हवा. गुहागरहून आलेल्या भुईचाफ्याला स्वदेशी परतायला परदेशी म्हणून अर्ज करावा लागणार. ही कागदपत्रे कोणी पूर्वी केली असतील तर कृपया आम्हाला सांगावे. आमचे त्या कुटुंबाचे एक देणे आहे, ते वर लिहिलेच आहे.

गड्ड्यांची वाटणी मार्चच्या दुसऱ्या शनिवारी, संध्याकाळी पाच वाजता, नेहमीच्या ठिकाणी. यंदा नऊ तुकडे निघतील असा अंदाज आहे. प्लॅस्टिकची पिशवी आणू नये, जुने वर्तमानपत्र आणावे. ज्यांची बदली ठरली आहे त्यांनी सामान बांधण्याच्या आधी कळवावे, म्हणजे कुंडी दुसऱ्या घरी लावून देता येईल. ज्यांना गड्डा मिळेल त्यांनी कुंडीवर ठळक अक्षरांत ‘झोपला आहे, टाकू नये’ असे लिहून चिकटवावे. घरी कामाला येणाऱ्यांसाठी खाली हिंदीतही लिहावे. आमच्या घरी आता लिहिलेले आहे.